सोनेरी किडा डबीत ठेवला, सकाळी तपकिरी निघाला. हा नक्की कोण?

रविवारचा_भटक्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी लेकीला (वय ८) घेऊन पाषाण तलावाकडे गेलो होतो. गेलो होतो पक्षी बघायला, पण लेकीची बडबड सुरू असताना कुठला पक्षी थांबतोय. शेवटी तिलाच ते दिसलं. कडेला बेशरमाची झुडपं आहेत ना, त्यातल्या एका पानावर सोन्याचा थेंब. शप्पथ, मला वाटलं कुणाच्या तरी कानातलं पडलंय, उचलायला हात पुढे केला तर ते चालायला लागलं!

साधारण माझ्या करंगळीच्या नखाएवढा, गोलसर, मधे टम्म फुगलेला आणि चहूबाजूनी काचेसारखी आरपार झालर. वरून बघितलं तर ना डोकं दिसतं ना पाय. काडीने जरा डिवचलं तर पानाला असा चिकटून बसला की डिंकाने डकवलाय जणू.

फोनवर २३ फोटो काढले. एकही धड नाही. निम्म्यात पान एकदम शार्प आणि किडा म्हणजे पिवळा डाग, उरलेल्यांत त्याच्या पाठीवर माझा फोन आणि माझं डोकं दिसतंय, किड्याचा पत्ता नाही. म्हणून मग म्हटलं घरी नेऊन नीट काढू, औषधाच्या रिकाम्या डबीत पान घालून त्यात ठेवला. सकाळी उघडून बघतो तर मेलेला, आणि सोनं गायब! मातकट तपकिरी. लेक म्हणते बाबा तुम्ही बदललात किडा. बायकोला पण तसंच वाटतंय.

ओळखायच्या अ‍ॅपमधे टाकला तर अमेरिकेतल्या कुठल्या तरी किड्याचं नाव सांगतंय. तर प्रश्न असे की १) हा कोण २) सोनं गेलं कुठे ३) असल्या चिल्लर आकाराच्या गोष्टींचे फोटो फोनवर येतात का, की मोठा कॅमेराच लागतो. कॅमेऱ्याचं बजेट घरातून मंजूर होणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पानामागे_बघा

किडा कुणी बदलला नाही, लेकीला सांगा. हा टॉरटॉइज बीटल, आम्ही कासव भुंगेरा म्हणतो. पाठीवर ढाल, ढालीखाली डोकं पाय सगळं आत, म्हणून कासव. मुंग्या आल्या की झालर पानाला टेकवून गप्प बसतो, मुंगीला चावायला कडाच मिळत नाही. तुम्ही डिवचल्यावर त्याने तेच केलं.

तुमच्या २३ मधल्या ९ नंबरच्या फोटोत (तो अगदीच वाईट नाहीये) झालरीवर गडद पट्टे दिसतायत, दोन पुढे खांद्याशी आणि दोन मागे. त्यावरून आणि बेशरमावर होता त्यावरून अ‍ॅस्पिडिमॉर्फा ही प्रजाती (म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट) नक्की, जात (स्पीशीज) बहुतेक अ‍ॅस्पिडिमॉर्फा सँक्टेक्रुसिस. 'बहुतेक' मुद्दाम म्हणतोय, झालर नीट दिसेल असा फोटो आला की बोलू. याचा एक भाऊ त्याच झाडावर असतो, मिलिआरिस नावाचा, त्याच्या अंगावर काळे ठिपके असतात, तो वेगळा.

सोन्याचं म्हणाल तर तो रंग नाहीच. पिवळं रंगद्रव्य वगैरे काही नाही. पाठीच्या कवचात एकावर एक अतिशय पातळ थर आहेत, त्यांच्यात ओलावा असतो, आणि तो ओलावा बरोबर मापात आहे तोवर ते थर मिळून आरशासारखा उजेड परत फेकतात. मेला, सुकला, की थरांचं गणित बिघडतं आणि खालचा खरा तपकिरी दिसायला लागतो. तुमच्या अ‍ॅपने अमेरिकेतला जो सुचवला असेल तो याचाच लांबचा नातेवाईक, त्यांच्यातले काही तर जिवंतपणीच त्रास दिला की लालसर होतात आणि शांत झाले की परत सोनेरी. अ‍ॅपवर फार रागावू नका, त्याने जास्त फोटो तिकडचेच पाहिलेत. आयनॅचरलिस्ट (फोटो टाकून किडे, झाडं ओळखायचं अ‍ॅप) वापरत असाल तर 'जवळपास दिसलेले' एवढंच दाखव असं सेटिंग आहे ते चालू करा, निम्मी अमेरिका तिथेच गळते.

आणि झाड लिहून ठेवलंत हे फार चांगलं केलंत. हे भुंगेरे रताळ्याच्या कुळातली पानं खातात. रताळं, गारवेल, बेशरम सगळे त्याच कुळातले. बेशरम मूळचं अमेरिकेतलं झुडूप, पण या देशी भुंगेऱ्याने ते आपलंच मानलंय. निम्म्या किड्यांची ओळख झाडावरूनच होते, आणि लोक नेमकं झाडाचाच फोटो काढत नाहीत.

फुकटचा_सल्ला

आजच्या भावात एका रात्रीत सोन्याची माती होणं म्हणजे.. वहिनींना दोष देता येणार नाही राव 😄

उलटी_लेन्स

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, फोनवर येतात, मी पहिली दोन वर्षं फक्त फोनवरच काढलेत.

पहिलं म्हणजे फोनमधे 'मॅक्रो' म्हणून जी २ मेगापिक्सेलची वेगळी लेन्स देतात ती विसरा, ती खोक्यावर छापायला असते. मेन कॅमेरा वापरायचा, आणि किड्याच्या नाकात फोन घालायचा नाही कारण बहुतेक फोन फार जवळ नेले की फोकसच करत नाहीत, म्हणून तुमचं पान शार्प आणि किडा डाग. थोडं मागे या, दुप्पट झूम करा, नंतर कापून घ्या. याच्यापेक्षा जवळचं हवं असेल तर चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स मिळते, काही शे रुपयांत, बजेट कमिटीला कळणार पण नाही. ती लावली की किडा दोन तीन सेंटीमीटरवर आला तरच दिसतो, आणि मग बोटाने फोकस करत बसायचं नाही, स्क्रीन टॅप करून फोकस लॉक करायचा आणि स्वतः हळू पुढे मागे व्हायचं, श्वास सोडताना बटण दाबून ठेवायचं म्हणजे दहा पंधरा फोटो सटासट निघतात, त्यातला एखादा लागतो. एवढ्या जवळ शार्प दिसणारी पट्टी एक दोन मिलिमीटरची असते, त्यामुळे नव्वद टक्के कचरा निघणार हे धरूनच चालायचं. माझा अजून निघतो.

वारा असेल तर पान हलतं, त्याला उपाय म्हणजे दुसऱ्या हाताने देठ धरा. मी कपड्यांचा चिमटा एका काडीला बांधलाय, काडी जमिनीत खोचायची आणि चिमट्यात देठ. लोक हसतात. हसू देत.

आता सोनेरीचं वेगळं आहे, नीट ऐका. हा किडा म्हणजे आरसा आहे हे वर सांगितलंच दादांनी. आरशाचा फोटो काढताना आरशात जे पडलंय तेच येणार, म्हणून तुमचं डोकं आलं. फ्लॅश मारला तर एक पांढरा ठिपका आणि बाकी काळं. उपाय काय, त्याच्या डोक्यावर पांढरा कागद धरा. वहीचा कोरा कागद चालतो, फ्रिजच्या पॅकिंगमधे येतं ते पांढरं पातळ फोम असेल तर अजून चांगलं. मग त्याच्या पाठीत तो कागद पडतो आणि अख्खा किडा एकसारखा सोनेरी दिसतो. वर ढग असतील तर सोन्याहून पिवळं, आभाळच तुमचा कागद. आणि स्क्रीनवर टॅप केलं की सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, नाहीतर चकाकणारा भाग पांढराफटक पडून झालरीवरचे पट्टे जातात, आणि ओळखायला नेमके तेच हवेत.

सकाळी लवकर जा. ऊन चढायच्या आधी किडे गारठलेले असतात, हलत नाहीत. गुडघ्याखाली टाकायला जुनं पोतं न्या, हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे, चाळिशीनंतर कळतो.

ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर पडून आहे त्यांच्यासाठी: नवी मॅक्रो लेन्स घेऊ नका, रिव्हर्स रिंग घ्या आणि ५० मिमीची लेन्स उलटी लावा. किंवा रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग लेन्सपुढे अडकवा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/११ च्या आसपास, फ्लॅश लागणारच, पण फ्लॅशसमोर कागद.

बाकावरची_बाई

काय आठवण काढलीत! आम्ही लहानपणी नगरकडे सोनकिडे काडेपेटीत पाळायचो. पण ते वेगळे होते बहुतेक, लांबट, हिरवेगार चकाकणारे, बाभळीवर असायचे. बाभळीचा पाला घालायचा आणि शाळेत न्यायचा, कुणाचा जास्त चमकतो त्याची पैज. माझ्याकडे एक मेलेला होता तो कंपासपेटीत दोन वर्षं होता आणि जसाच्या तसा हिरवा. मग याचंच सोनं का गेलं?

पानामागे_बघा

ताई तुमचा तो ज्वेल बीटल, स्टर्नोसेरा. प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. त्याचंही रंगद्रव्य नाही, त्याचेही थरच आहेत, पण कोरडे आणि पक्के. ओलाव्यावर अवलंबूनच नाहीत, त्यामुळे मेल्यावर काही बिघडत नाही. म्हणूनच त्याचे पंख कापडावर टाचायचे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने मोरपिसांच्या नक्षीचा ड्रेस घातला होता, त्यातल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात याच भुंगेऱ्यांचा पंख शिवलाय. ड्रेस इंग्लंडमधे केडलस्टन हॉलला ठेवलाय, सव्वाशे वर्षं होत आली, जर काळवंडली म्हणतात, पंख अजून हिरवे.

आता कुणी कासव भुंगेऱ्याचा ड्रेस शिवला असता तर दरबार संपायच्या आत खाकी झाला असता.

इन्सेक्ट_बॉक्स_नापास

वरचं वाचून जखम ताजी झाली. मी बीएस्सी अ‍ॅग्री. आम्हाला इन्सेक्ट बॉक्स करायला असतो, किडे पकडायचे, मारायचे, टाचणी लावायची, लेबल लावून सबमिट. मला रताळ्याच्या शेतात असाच सोनेरी सापडला, अख्ख्या बॅचमधे कुणाकडे नाही, मी आठवडाभर मिरवलं सगळ्यांना सांगत. तपासणीच्या दिवशी पेटी उघडली तर आत भिजलेल्या चपातीच्या रंगाचं काहीतरी. लेबलवर मी हौसेने 'सोनेरी' लिहिलेलं. सरांनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

पण एक सांगतो, इथे लगेच सगळे म्हणतील की किडा मारायची गरजच काय फोटो पुरे. सगळीकडे नाही पुरत. कित्येक भुंगेरे, बारक्या माश्या, पतंग असे आहेत की जात ठरवायला पोट उघडून नराचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. फोटोवरून छातीठोक जात सांगणाऱ्यांपासून सावध रहा.

उलटी_लेन्स

मान्य. पण मग प्रजातीवर थांबा ना. 'अ‍ॅस्पिडिमॉर्फाची कुठलीतरी जात' हे पण उत्तरच आहे. लोकांना शेवटचं नाव मिळाल्याशिवाय झोप लागत नाही, मग एकाने ठोकलं की दुसरा न बघता 'सहमत' दाबतो. आयनॅचरलिस्टवर दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड (म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी) होते, त्यात असले दोन मित्र पुरतात.

आणि पेटीवाल्या भावा, तुझ्या गोष्टीत फोटोचीच बाजू आलीये. या किड्याचं जे बघण्यासारखं आहे ते पेटीत टिकतच नाही. जिवंत असताना, ओला असताना, तिथेच काढायचं. तुमच्या म्युझियममधे तो तपकिरीच असणार.

इन्सेक्ट_बॉक्स_नापास

हां हे बरोबर आहे. तपकिरी बघून ओळखायला पण शिकवतात तसे. पण सोनेरी बघितलेलं असेल तर जास्त मजा आहे हे खरं.

कोकणातून

दोन गोष्टी. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी मर्यादवेलीची पानं बघा, ती पण रताळ्याच्याच कुळातली. पानाला गोल गोल भोकं दिसली की उलटं करून बघायचं.

दुसरं, लहान मुलांना घेऊन जाताय तर दिसेल तो किडा हातात घेऊ देऊ नका. कासव भुंगेरा बिचारा निरुपद्रवी आहे, पण काळ्या नारिंगी पट्ट्यांचे हिंगे असतात, फुलांवर बसलेले, ते दाबले गेले की सांध्यातून पिवळं पाणी सोडतात आणि कातडीवर टरारून फोड येतो. माझ्या भाच्याच्या मानेवर आलेला. पावसाळ्यात दिव्याला येतो तो बारीक लांबट काळा लाल किडा पण अंगावर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा.

आणि अभयारण्यात डबीत घालून काही आणू नका, तिथलं पान सुद्धा उचलायचं नसतं. पाषाणला ठीक आहे, पण सवय लागते.

रविवारचा_भटक्या

मंडळी काय सांगू. एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. डबीचं मान्य, चूक झाली, लेकीने पण सुनावलंय.

या रविवारी परत गेलो. सकाळी साडेसहाला. पोतं, वहीचे कोरे कागद, काडीला बांधलेला चिमटा, आणि चिमट्याची लेन्स (कमिटीला कळलं, पण खटला अजून सुरू आहे). कागद धरायचं काम लेकीचं. आधी ती सारखी हलवत होती, मग तिला फोनच्या स्क्रीनवर दाखवलं की कागद बरोबर आला की किडा कसा पेटतो, त्यानंतर पुतळा. ७१ फोटो, त्यातले चार चांगले. एक बाजूने, एक वरून, एक पानासकट, आणि एकात तो झालर उचलून चालतोय त्यात पाय आणि मिशा दिसतात. शेजारी एक रुपया ठेवून पण काढलाय.

शिवाय पानं उलटी करून बघत होतो तर दोन भानगडी सापडल्या. एक म्हणजे पानाला चिकटलेला कागदासारखा तपकिरी पुडका, पापडाचा तुकडा वाटतो. आणि दुसरं, एक काटेरी अळीसारखं काहीतरी, शेपटीवर काळा कचरा घेऊन चाललेलं. काडी जवळ नेली की तो कचरा छत्रीसारखा पाठीवर आडवा धरतं! लेक म्हणते हा कचऱ्याची गाडी आहे. हे काय आहे?

पानामागे_बघा

वा वा वा. झालर आता स्वच्छ दिसतेय, चारही पट्टे आहेत. माझ्याकडून सँक्टेक्रुसिस, तुम्ही टाका, अजून कुणी तपासू देत.

पुडका म्हणजे अंडी, मादी पातळ पापुद्र्यांत गुंडाळून ठेवते. आणि कचऱ्याची गाडी म्हणजे याचंच पोर. शेपटीला दोन काटे असतात, त्यावर दर वेळी कात टाकली की जुनी कात अडकवून ठेवायची आणि काही जाती त्यावर स्वतःची विष्ठा पण लिंपतात. मुंगी आली की तीच ढाल तिच्या तोंडासमोर. मोठेपणी सोन्याचं कवच, लहानपणी शेणाची छत्री. लेकीला हे सांगा, आठवडाभर शाळेत पुरेल.

अपलोड करताना एक काळजी घ्या, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून मग टाकू नका. जागा आणि वेळेची माहिती फोटोतून गळून जाते. थेट फोनच्या गॅलरीतून टाका. आणि अळी आणि पुडक्याच्या वेगवेगळ्या नोंदी करा, मोठ्या किड्याच्या नोंदीत चिकटवू नका. अळीचे फोटो फार कमी लोक काढतात.

बाकावरची_बाई

शेणाची छत्री 😂 मी मागच्या बाल्कनीतल्या गारवेलीची सगळी पानं उलटी करून आले. भोकं आहेत, सोनं नाही. उद्या सकाळी परत बघते.

रविवारचा_भटक्या

एक शेवटचं विचारतो. तो डबीतला पहिला तपकिरी आहे ना, तो लेक टाकू देत नाहीये. ठेवून काही उपयोग आहे का?

इन्सेक्ट_बॉक्स_नापास

ठेवा की. डबी कोरडी हवी, बुरशी लागते, एखादी डांबरगोळी टाका पण पोरीच्या हाताला लागणार नाही अशी. आणि चिठ्ठी घाला आत. कुठे सापडला, कधी, कुठल्या झाडावर. लेबल नसेल तर तो नुसता मेलेला किडा.

रविवारचा_भटक्या

लेबल तिनेच लिहिलं. पाषाण तलाव, बेशरम, आणि खाली 'हा आधी सोनेरी होता, बाबांना विचारा'.

इन्सेक्ट_बॉक्स_नापास

तारीख राहिली. सर मार्क कापतात.